मेंदूत पसरलेला कर्करोग आणि किरणशस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झालेल्या एका भगिनीला घेऊन तिचे यजमान गेल्या वर्षी माझ्या चिकित्सालयात आले. पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या शहरात तिची 'गॅमा नाईफ' चिकित्सा झाली होती. डोक्यावर टाका नाही, केस काढलेले नाहीत. कपाळावर दोन्ही बाजूंना एकेक बारीक खपली तेवढी दिसत होती. दोन दिवसांपासून उलट्या, डोके जड आणि दिवसभर ग्लानी अशा तक्रारी होत्या. 'शेक' दिल्यामुळे उष्णता बाधली आहे, तेव्हा काही शीत, पित्तशामक द्यावे, अशी यजमानांची अपेक्षा होती. फाईल चाळली, तेव्हा डेक्सामेथासोनच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करत नेण्याचे व्यवस्थित वेळापत्रक त्यात सापडले. गोळ्या दाखवा म्हटल्यावर यजमान म्हणाले, "त्या बंद केल्या, डॉक्टर. स्टिरॉइड आहे म्हणून कळलं. दुकानात म्हणाले, स्टिरॉइड वाईटच, त्यापेक्षा आयुर्वेदिक काहीतरी घ्या."

ते दुकान आपल्यासारख्याच कुणाचे तरी असावे. त्या दिवशी मी काय केले ते पुढे येईलच. परंतु या चिकित्सेविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक असायला हवे, हा प्रश्न त्या प्रसंगाने माझ्यापुढे उभा केला. कर्करोगाचे रुग्ण हल्ली अधिक काळ जगतात, त्यामुळे मेंदूपर्यंत पोचलेला रोगही अधिक दिसतो. रुग्णालयातील चिकित्सा एका दिवसात संपते आणि रुग्ण गावी परततो. त्यानंतरचे आठवडे तो आपल्या आणि आपल्या औषधी दुकानांच्या आसपास असतो.

मेंदूतील दुय्यम अर्बुद

मेंदूत स्वतःहून उत्पन्न होणारे अर्बुद आणि अन्यत्र उत्पन्न होऊन रक्तावाटे मेंदूत रुजणारे अर्बुद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला रुग्णालयात 'सेकंडरी' म्हणतात. प्रौढांमध्ये पहिल्यापेक्षा हा दुसराच प्रकार अधिक आढळतो. फुफ्फुस, स्तन, त्वचेचा मेलॅनोमा, वृक्क आणि मोठे आतडे ही त्याची नेहमीची उगमस्थाने. यांत फुफ्फुसाचा वाटा सर्वांत मोठा.

रक्तातून आलेल्या कर्कपेशी मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर अडकतात, कारण तेथे रक्तवाहिन्या एकाएकी अरुंद होतात. सुमारे ८० टक्के गाठी मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत आणि उरलेल्या मस्तिष्कस्तंभात आढळतात. रक्तप्रवाहाची विभागणी साधारण याच प्रमाणात होते, हे येथे लक्षात घ्यावे. या गाठी बहुधा गोलसर असतात. आसपासच्या मेंदूत मुळे पसरण्यापेक्षा त्या त्याला बाजूला ढकलत वाढतात, आणि किरणशस्त्रक्रियेचा सारा आधार त्यांच्या याच स्वभावावर आहे. त्यांच्या नव्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात. त्यांतून द्रव झिरपून गाठीभोवती सूज येते. पुष्कळदा गाठ वाटाण्याएवढी आणि सूज लिंबाएवढी असते, आणि रुग्णाला होणारा त्रास गाठीपेक्षा सुजेचा अधिक असतो.

सुश्रुतांनी निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे विवेचन करताना 'अध्यर्बुद' आणि 'द्विरर्बुद' या संज्ञा दिल्या आहेत. पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणारे ते अध्यर्बुद. एकाच वेळी किंवा क्रमाने दोन उत्पन्न झाली तर ते द्विरर्बुद, आणि ते असाध्य. आपल्या व्याख्यानांतून हे वर्णन म्हणजेच आजचे 'मेटास्टॅसिस' असे ठामपणे सांगितले जाते. माझे मत थोडे सावध आहे. एका अर्बुदाचा दुसऱ्याशी संबंध असतो आणि तसे झाल्यास रोग असाध्यतेकडे झुकतो, हे निरीक्षण त्यांचे आहे आणि ते मोठे आहे. परंतु कवटीच्या आत न दिसणारी दुय्यम गाठ पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. जे त्यांनी लिहिले नाही ते त्यांच्या नावावर घालू नये.

संशय कधी घ्यावा? पूर्वी कधीही कर्करोग झालेल्या रुग्णाला नव्याने डोकेदुखी सुरू झाली, विशेषतः ती पहाटे वा सकाळी उठताना अधिक असेल आणि सोबत उलटी असेल, तर अर्धावभेदक किंवा अम्लपित्त असे नाव देऊन थांबू नये. प्रौढ वयात प्रथमच आलेला आकडीचा झटका, एका बाजूची वाढती दुर्बलता, चालताना तोल जाणे, शब्द न सुचणे, किंवा 'हल्ली स्वभाव बदललाय' ही घरच्यांची तक्रार, यांतील कोणतेही एक लक्षण पुरेसे आहे. डोके दुखत नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही, कारण डोकेदुखी सुमारे निम्म्या रुग्णांतच असते. स्तनाचा किंवा वृक्काचा कर्करोग दहा वर्षे शांत राहून पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून 'ते तर केव्हाच बरे झाले' या उत्तरावरही विसंबू नये. अशा रुग्णाला कॉन्ट्रास्टसह एमआरआयसाठी लगेच पाठवावे. आणि कवटीतील दाब वाढल्याची शंका असताना वमन किंवा डोके खाली करून नस्य यांचा विचारही करू नये.

सूर्यकांताचा दृष्टांत आणि त्याची मर्यादा

'किरणशस्त्रक्रिया' या नावात शस्त्र आहे, 'गॅमा नाईफ' या नावात सुरी आहे. प्रत्यक्षात दोन्ही नाहीत. कवटी उघडली जात नाही. ही चिकित्सा म्हणजे अत्यंत नेमकेपणाने, एकाच बैठकीत आणि मोठ्या मात्रेत दिलेला किरणोपचार होय.

वाग्भटांनी त्वचेच्या दहनाची साधने सांगताना सूर्यकांताचा उल्लेख केला आहे. एरवी अंगाला न भाजणारे ऊन एका बिंदूवर आणले की तेथे दाह होतो, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. येथेही काहीसे तसेच आहे. गॅमा नाईफच्या यंत्रात कोबाल्ट ६० या किरणोत्सर्गी धातूचे सुमारे दोनशे स्रोत रुग्णाच्या डोक्याभोवती बसवलेले असतात. २००६ मध्ये आलेल्या रचनेत त्यांची संख्या १९२ आहे. प्रत्येक स्रोतातून निघणारी किरणशलाका इतकी क्षीण असते, की तिच्या वाटेतील मेंदूला तिची फारशी बाधा होत नाही. मात्र या सर्व शलाका जेथे एकत्र येतात, तेथे सर्वांची बेरीज होते. ती जागा गाठीवर आणली, की गाठीला पूर्ण मात्रा मिळते आणि अवघ्या काही मिलिमीटर अंतरावर ती मात्रा झपाट्याने उतरते.

दृष्टांत येथेच सोडून द्यावा लागतो. गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत. ते सरळ रेषेतच जातात, आणि त्यांचे स्रोतच अशा कोनांत मांडलेले असतात की सर्व रेषा एका बिंदूत छेदतात. शिवाय तेथे उष्णता उत्पन्न होत नाही आणि काही जळतही नाही. किरणांमुळे पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तुटतात. ती पेशी तत्क्षणी मरत नाही, पुढे विभागण्याचा प्रयत्न करताना मरते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांची आतील भिंतही जाड होत जाऊन काही महिन्यांत त्या बंद पडतात. म्हणून या चिकित्सेनंतर दुसऱ्या दिवशी गाठ 'गेली' असे होत नाही. ती आठवड्यांनी आकसू लागते. कधी तेवढीच राहते, पण वाढत नाही, आणि तेही यशच समजले जाते.

आपल्याकडे रुग्ण किरणोपचाराला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्यामुळे उष्णतेची कल्पना घट्ट बसते आणि मग पथ्य, लेप, शीत औषधे यांची मागणी सुरू होते. घरातील लहान मुलांनी रुग्णाजवळ जावे की नाही, असेही विचारले जाते. यंत्रातून बाहेर आल्यावर रुग्णाच्या शरीरात किरण उरत नाहीत. नातवंडांना जवळ घ्यायला काहीही हरकत नाही, हे आपण निःशंकपणे सांगावे.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो, तेही रुग्ण आपल्याला विचारतातच. सकाळी स्थानिक भूल देऊन डोक्याला हलकी धातूची चौकट चार पिनांनी बसवतात. दोन कपाळावर, दोन मागे. खपल्या असतात त्या याच्याच. चौकटीसह एमआरआय केला जातो. त्यावरून चेताशल्यतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून आराखडा तयार करतात. मग रुग्ण यंत्रात निजतो. गाठींच्या संख्येनुसार अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो, वेदना होत नाही, रुग्ण जागा असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो घरी जातो. काही यंत्रांवर चौकटीऐवजी चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा वापरतात.

मात्रा गाठीच्या आकारावर ठरते. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस २४ ग्रे, तीनपर्यंत १८ आणि चारपर्यंत १५ अशा एका बैठकीच्या कमाल मर्यादा सुचवल्या, आणि आजही त्यांचा आधार घेतला जातो. 'ग्रे' हे शोषलेल्या किरणांचे माप. तुलनेसाठी, संपूर्ण मेंदूच्या नेहमीच्या किरणोपचारात ३० ग्रे हे १० दिवसांत विभागून देतात. गाठ मोठी तशी मात्रा कमी, हे उलटे वाटेल. पण गाठ मोठी असली की तिच्या कडेचा अधिक निरोगी मेंदू किरणांच्या कक्षेत येतो. म्हणून मोठ्या गाठींत हल्ली तीन किंवा पाच बैठकांत विभागणी करतात.

उगम

स्वीडनचे चेताशल्यतज्ज्ञ लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना आणि तिचे नाव मांडले. मेंदूच्या खोल भागातील ठरावीक बिंदू उघड शस्त्रक्रियेविना नष्ट करता यावा, हा त्यांचा हेतू होता, आणि डोळ्यांपुढे असाध्य वेदनांचे व चेतासंस्थेच्या कार्यविकृतींचे रुग्ण होते, कर्करोगाचे नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्यासह त्यांनी उप्साला येथील सायक्लोट्रॉनमधील प्रोटॉन वापरून पाहिले. ते रुग्णालयात नेण्याजोगे नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये १७९ कोबाल्ट स्रोतांचे पहिले यंत्र उभे राहिले. पण मेंदूतली गाठ नेमकी कोठे आहे हे दिसल्याखेरीज हे यंत्र आंधळ्याच्या हातातील धनुष्यासारखे होते. १९७० च्या दशकात सीटी आणि पुढे एमआरआय आल्यावरच त्याचे सामर्थ्य प्रकट झाले.

भारतात मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची एम्स येथे १९९७ मध्ये गॅमा नाईफ आले. त्याखेरीज नेहमीच्या किरणोपचाराच्या लिनॅक यंत्रांवरही योग्य उपकरणे बसवून ही चिकित्सा करता येते, आणि यंत्रमानवाच्या हातावर लहान लिनॅक बसवलेले 'सायबर नाईफ' हा तिसरा प्रकार आहे. यंत्राच्या नावावरून चिकित्सेचा दर्जा ठरवू नये. 'अमुक नाईफ चांगला की तमुक' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना, यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या चमूचा अनुभव विचारा, असे मी सांगतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. परंतु कोणत्या रुग्णालयात कोणता प्रकार बसतो, याची चौकशी रुग्णालयाच्या योजना कक्षातच आधी करून घ्यावी. गाडीभाडे खर्चून गेल्यावर नव्हे.

संपूर्ण मेंदू की केवळ गाठ?

या विषयातील खरा वाद येथे आहे. अनेक दशके मेंदूत गाठ दिसली की संपूर्ण मेंदूला किरण देत. एका गाठीमागे न दिसणाऱ्या दहा असतील, हा तर्क चुकीचा नव्हता. १९९० मध्ये पॅचेल आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांच्या अभ्यासात दाखवले, की एकच गाठ असताना ती शस्त्रक्रियेने काढून मग मेंदूला किरण दिले, तर मध्यम आयुर्मान ४० आठवडे मिळते. केवळ किरण दिले तर १५. गाठीवर थेट चिकित्सा करण्याचे महत्त्व यातून सिद्ध झाले. २००४ मध्ये ३३३ रुग्णांच्या अभ्यासात संपूर्ण मेंदूच्या किरणोपचाराला किरणशस्त्रक्रियेची जोड दिली असता एकच गाठ असलेल्या रुग्णांचे आयुर्मान ४.९ महिन्यांवरून ६.५ महिन्यांवर गेले.

पुढचा प्रश्न स्वाभाविकच होता. गाठीवर नेमकी चिकित्सा करता येते, तर मग संपूर्ण मेंदूला किरण द्यावेतच कशाला? जपानमध्ये चारपर्यंत गाठी असलेल्या १३२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ किरणशस्त्रक्रिया घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ८ महिने आणि दोन्ही घेतलेल्यांचे ७.५ महिने, म्हणजे व्यवहारात फरक नाही. मात्र वर्षभरात मेंदूत पुन्हा गाठ दिसण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७६ टक्के आणि दुसऱ्यात ४७ टक्के होते. संपूर्ण मेंदूचा किरणोपचार नव्या गाठी रोखतो, पण आयुष्य वाढवत नाही, असे हे कोडे आहे.

या रोखण्याची किंमत काय, ते २०१६ च्या अमेरिकी अभ्यासाने मोजले. तीनपर्यंत गाठी असलेल्या २१३ रुग्णांत तीन महिन्यांनी स्मृती आणि आकलनाच्या चाचण्या घेतल्या. केवळ किरणशस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के रुग्णांत ऱ्हास आढळला; संपूर्ण मेंदूला किरण मिळालेल्यांत सुमारे ९२ टक्के. ६४ हा आकडाही लहान नाही, हे येथे नमूद केले पाहिजे, कारण रोग स्वतःच बुद्धीला ग्रासत असतो. परंतु उरलेल्या दिवसांत नातवाचे नाव आठवणे, स्वतःचे व्यवहार समजणे, याला ज्याच्या त्याच्या दृष्टीने मोल आहे. आपल्या शास्त्रात धी, धृती, स्मृती यांचा भ्रंश स्वतंत्रपणे गणला आहे. केवळ श्वास चालू असणे म्हणजे आयु नव्हे, हे चरकांचे प्रतिपादन आपण शिकलो आहोत, म्हणून हा अभ्यास आपल्याला परका वाटू नये.

जपानमध्येच ११९४ रुग्णांच्या पाहणीत पाच ते दहा गाठी असलेल्यांचे आयुर्मान दोन ते चार गाठी असलेल्यांइतकेच, म्हणजे १०.८ महिने आढळले, आणि मर्यादा पुढे सरकली. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत चार गाठींपर्यंत किरणशस्त्रक्रियेची ठाम, तर दहापर्यंत काही अटींवर शिफारस आहे.

ही चिकित्सा सर्वांसाठी नाही. तीन-चार सेंटिमीटरहून मोठी, मेंदूला दाबणारी गाठ असेल तर प्रथम शस्त्रक्रिया आणि नंतर त्या पोकळीला किरण, हा मार्ग. मेंदूच्या आवरणांत रोग झिरपला असेल किंवा गाठी असंख्य असतील, तर येथे सुचवलेली नेमकेपणाची कल्पनाच लागू पडत नाही. फुफ्फुसाच्या काही प्रकारच्या कर्करोगांत मेंदूपर्यंत पोचणाऱ्या नव्या गोळ्या मिळाल्याने लहान, लक्षणरहित गाठींत किरण पुढेही ढकलले जातात. आणि रुग्ण अंथरुणाला खिळलेला, शरीरात रोग सर्वत्र अनियंत्रित असेल, तर काहीही न करणे हाही सन्मान्य निर्णय असतो. ब्रिटनमधील ५३८ रुग्णांच्या अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अशा रुग्णांना संपूर्ण मेंदूचे किरण देऊन ९.२ आठवडे आणि केवळ आधार व स्टिरॉइड देऊन ८.५ आठवडे आयुष्य मिळाले. अशा घरी 'शेवटचा प्रयत्न' म्हणून शेत विकायला निघालेल्या मुलाला हे आकडे समजावून सांगणारा कुणीतरी हवा असतो. तो पुष्कळदा गावचा वैद्यच असतो.

घरी परतल्यानंतर

आता त्या भगिनीकडे वळू. गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोन आवरून धरते. किरणांनंतर काही दिवस ही सूज थोडी वाढूही शकते. शिवाय दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ हे औषध चालू असले, की शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम मंदावतात. अशा वेळी गोळी एकदम बंद झाली तर सूज उसळते आणि शरीराचा स्वतःचा आधारही तुटतो. मग उलट्या, ग्लानी, रक्तदाब उतरणे आणि प्रसंगी मृत्यू. मी तिला कोणतेही औषध न देता रुग्णालयाच्या कागदावरील क्रमांकावर फोन लावला, त्यांच्या सांगण्यानुसार जवळच्या रुग्णालयात डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देववले आणि गाडीने पुढे रवाना केले. तिसऱ्या दिवशी ती जेवू लागली.

स्टिरॉइडविषयी आपल्या व्यवसायात जी सरसकट निंदा चालते, तिचा हा परिणाम. दीर्घकाळ, अकारण दिलेल्या स्टिरॉइडवर टीका करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण चालू असलेली गोळी थांबवण्याचा सल्ला दुकानाच्या गल्ल्यावरून देण्याचा अधिकार कुणालाच नाही. औषधी दुकानदारांनी आणखी एक लक्षात ठेवावे : ही गोळी अर्धा मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम अशा दोन्ही शक्तींत मिळते. पट्टी बदलून दिली तर मात्रा आठपट चुकते. डेक्सामेथासोनमुळे साखर चढते, म्हणून या काळात अवलेह, पाक आणि गुळाचे अनुपान मधुमेही रुग्णाला देऊ नये. यष्टीमधूचे मोठे प्रमाणही टाळावे. त्यातील ग्लिसिरायझिन पोटॅशियम उतरवते आणि रक्तदाब चढवते, आणि स्टिरॉइडच्या जोडीला ते नको.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. किरणांनंतर विस्मरण होते, म्हणून घरचे लोक दुकानात येऊन शंखपुष्पीचे सिरप मागतात. मागणी समजण्याजोगी आहे आणि बाटली काउंटरवरच असते. पण यांतील अनेक रुग्णांना आकडीसाठी फेनिटॉइन चालू असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेनिटॉइन घेणाऱ्या दोन अपस्मारी रुग्णांत शंखपुष्पीचे एक बहुघटक सिरप सुरू केल्यावर झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे आढळले. तेथील संशोधकांनी उंदरांवर तपासले, तेव्हा ते सिरप वारंवार दिल्यास रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटते असे दिसले. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याच शहरात, आपल्याच औषधावर झालेले हे काम आपल्या अभ्यासक्रमाबाहेर किती वैद्यांना ठाऊक आहे? उलट दिशेने, मरिच आणि पिप्पली यांतील पायपरीन फेनिटॉइनची पातळी वाढवते, म्हणजे त्रिकटूही निरुपद्रवी नाही. हल्ली लेव्हेटिरासिटाम अधिक लिहिले जाते. त्याचा प्रश्न कमी आहे, परंतु पट्टीवरील नाव वाचल्याखेरीज हे कळणार कसे?

तिसरी गोष्ट आपल्याला आशा देणारी आहे, म्हणूनच अधिक जपून सांगतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मेंदूच्या अर्बुदांसाठी किरणोपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांवर शल्लकीच्या निर्यासाचा दुहेरी-अंध अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूची सूज ७५ टक्क्यांहून अधिक उतरण्याचे प्रमाण शल्लकीच्या गटात ६० टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात २६ टक्के होते. हा निष्कर्ष उत्साहाने सांगताना चार गोष्टी गाळल्या जातात. रुग्णसंख्या लहान होती. मात्रा रोज ४२०० मिलिग्रॅम सत्त्वाची होती; आपल्या नेहमीच्या गोळ्यांत ती भरून काढायची तर मूठभर लागतील. चिकित्सा नेहमीच्या किरणोपचाराची होती, एका बैठकीच्या किरणशस्त्रक्रियेची नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन्ही गटांना लागलेल्या डेक्सामेथासोनच्या मात्रेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे शल्लकी त्याच्या जागी नव्हे. द्यायचीच तर रुग्णालयाला कळवून, त्याच्या सोबत.

उशिरा येणारा एक उपद्रव आणखी सांगायला हवा. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, साधारण दहात एखाद्या रुग्णात, किरण दिलेल्या जागी ऊती मृत होऊन पुन्हा सूज येते. एमआरआयमध्ये हे चित्र रोग उलटल्यासारखेच दिसते आणि तज्ज्ञांनाही दोहोंतील भेद करणे कठीण जाते. तेव्हा 'पुन्हा वाढलंय' या घाबरलेल्या निरोपावर रुग्णाने सर्व सोडून आपल्याकडे यावे, असे आपण सुचवू नये. ते स्टिरॉइडने उतरणारेही असू शकते.

किरणशस्त्रक्रियेने नव्या गाठी रोखल्या जात नसल्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय हा या चिकित्सेचाच भाग आहे, आणि तोच सर्वाधिक चुकतो. बरे वाटते आहे, गाडीभाडे आहे, पेरणी आहे. कारणे खरी असतात. माझ्याकडे अशा रुग्णांची एक वेगळी वही आहे. त्यात चालू औषधांची नावे, स्टिरॉइडचे वेळापत्रक आणि पुढील एमआरआयची तारीख एवढेच लिहितो. त्या भगिनीच्या पहिल्या एमआरआयमध्ये दोन्ही जुन्या गाठी आकसलेल्या दिसल्या. दुसऱ्यात चार मिलिमीटरची एक नवी दिसली, ती पुन्हा एका दिवसात हाताळली गेली. स्टिरॉइड आता पूर्ण उतरले आहे, आकडीची गोळी चालू आहे. मध्यंतरी यजमान शंखपुष्पीची बाटली घेऊन दाखवायला आले होते, "ही चालेल ना?" म्हणून. पट्टी पाहिली, लेव्हेटिरासिटाम होते. तरीही रुग्णालयात विचारून मगच सुरू करायला सांगितले. पुढचा एमआरआय वहीत आषाढात लिहिलेला आहे.